सव्वा तासाचा हिशेब

सेवाग्राम, जि. वर्धा

तीर्थरूप बाबांस,


ताईची बदली डर्बनला झाल्यापासून ‘जोहान्सबर्गहून डर्बन किती लांब?’ हा तुमचा प्रश्न आहेच. विमानाला साधारण सव्वा तास लागतो. हवाई अंतर पाचशे किलोमीटरच्या आतबाहेर, रस्त्याने पावणेसहाशेच्या आसपास. पण सव्वा तास हा विमानाचा वेळ झाला. ओ. आर. टांबो विमानतळ जोहान्सबर्गच्या पूर्वेला केम्प्टन पार्कात, तर २०१० साली सुरू झालेला किंग शाका विमानतळ डर्बनच्या उत्तरेला ३५ किलोमीटरवर. दोन्हीकडचं जाणं-येणं, तपासणी आणि सामानाची वाट पाहणं धरलं, तर दाराशी पोचेपर्यंत चार-पाच तास सहज जातात. गाडीने सहा. म्हणजे विमानाने वाचतात ते जेमतेम एक-दोन तास.

आपल्याकडेही तेच. नागपूर-मुंबई विमान दीड तासाचं. पण वर्ध्याच्या माणसाने आधी सत्तर किलोमीटर उलट्या दिशेने नागपूर गाठायचं, मग त्याच मुंबईकडे उडायचं. त्यापेक्षा संध्याकाळी विदर्भ एक्सप्रेसमध्ये बसून सकाळी मुंबईत उतरणारा दिवस वाचवतो. समृद्धी महामार्ग वर्धा जिल्ह्यातून जातो; ७०१ किलोमीटरचा हा रस्ता जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला, तेव्हापासून हिशेब आणखी बदलला. म्हणून माझं म्हणणं असं की, दोन शहरांमधलं अंतर मधल्या वेगापेक्षा दोन टोकांवर अधिक ठरतं : तुम्ही कुठून निघता आणि तुम्हाला चढू कोण देतं यावर.

‘चढू देण्याचा’ मुद्दा ओढूनताणून आणलेला वाटेल, पण डर्बन-जोहान्सबर्गच्याच वाटेवर त्याचा पुरावा आहे. १८९३ साली गांधीजी डर्बनहून प्रिटोरियाला निघाले, तेव्हा रेल्वे चार्ल्सटाउनपर्यंतच होती. पुढे जोहान्सबर्गपर्यंत घोड्यांची कोच. पहिल्या वर्गाचं तिकीट खिशात असताना त्यांना पीटरमॅरिट्झबर्गला उतरवलं, पुढे कोचमध्ये आत बसू दिलं नाही, वर मारहाण झाली. पीटरमॅरिट्झबर्गची रात्र त्यांनी स्टेशनवर काढली, त्यात रेल्वेच्या वेगाचा काही दोष नव्हता.

यावर कुणी म्हणेल, मग संथ प्रवासच बरा होता : १९०४ साली जोहान्सबर्ग-डर्बन गाडीला २४ तास लागत, म्हणून तर मित्र पोलॉक यांनी स्टेशनवर हाती दिलेलं रस्किनचं पुस्तक गांधीजी वाचू शकले, आणि त्यातून डर्बनजवळ फिनिक्सची वसाहत उभी राहिली. मला हे पटत नाही. त्याच गाडीत, तेवढेच तास, इतर शेकडो माणसं बसली होती. त्यांनी कुठे फिनिक्स उभारलं? रिकामा वेळ मिळाला एवढंच गाडीचं श्रेय. विमानाला नाकं मुरडण्यातही अर्थ नाही. घरात कुणी आजारी असेल, तर वाचलेला एक तासही लाखमोलाचा.

टोकांचीच गोष्ट निघाली आहे, तर तुम्हीही इथे सेवाग्रामला येण्यापूर्वी तिकीट नीट पाहा. दिल्ली-चेन्नई मार्गावरच्या बहुतेक गाड्या वर्धा जंक्शनला न जाता सेवाग्राम स्टेशनवरून जातात. पूर्वी त्याचं नाव वर्धा पूर्व होतं. मुंबईच्या गाड्या जंक्शनवर मिळतात. दोन्हींत गल्लत झाली, की रिक्षाचं भाडं पडलंच. ताईला लिहाल तेव्हा विमानाच्या वेळेसोबत विमानतळ ते घर किती, हेही विचारा.

आईला नमस्कार.

आपला,
अनिल