पोरगं आळशी नाही

डोंगरकडा, वारंगा, बाळापूर या पट्ट्यातून येणाऱ्या आईवडिलांची तक्रार गोळ्या लागू पडल्यावर बदलते. आधी तक्रार असते ती कानातल्या आवाजांची, रात्र रात्र जागण्याची, भावकीवरच्या संशयाची. मग आवाज थांबतात, पोरगा वेळेवर जेवतो, झोपतो आणि बाप म्हणतो, "डॉक्टरसाहेब, बरा झालाय, पण काम सांगितलं की करत नाही. आळशी झालाय."

हा आळस नव्हे. स्किझोफ्रेनियाचाच तो एक भाग आहे आणि घरात सगळ्यात जास्त बोलणी त्याच्यामुळेच खावी लागतात.

एका बापानं मुलाला सांगितलं, "मोटार चालू कर, खालच्या केळीचा कॉक खोल, अन् येताना खताची गोणी आण." पोरानं मोटार चालू केली आणि तिथंच उभा राहिला. वरून हाक आली तसा गडबडला, मोटार बंद करून घरी आला. बारावीच्या पुस्तकातले धडे त्याला आजही आठवतात. निसटतं ते आत्ता, या घडीला मनात धरून ठेवायचं. या पकडीला आम्ही कार्यस्मृती म्हणतो. पडद्यावर ठिपका कुठं दिसला होता, एवढंच काही सेकंद ध्यानात ठेवणं या रुग्णांना जड जातं, हे सोही पार्क आणि फिलिप होल्झमन यांनी १९९२ मध्ये दाखवून दिलं.

असं का होतं? उत्तराचा एक धागा मेंदूच्या लहरींत सापडतो. जर्मनीत हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाच्या डोक्यावरून मेंदूची विद्युतलहर पहिल्यांदा टिपली. या लहरींतली थीटा सेकंदाला चार ते आठ वेळा उठते, तर गॅमा तीसहून जास्त वेळा. लिस्मन आणि इडियार्ट यांनी १९९५ मध्ये मांडलेली कल्पना मला फार पटते. भजनात मृदंगाच्या एका आवर्तनात टाळांचे अनेक ठोके बसतात, तशा एका थीटा लहरीत अनेक गॅमा लहरी बसतात आणि मनात धरलेली एकेक गोष्ट एकेका गॅमा लहरीवर राहते. ही गॅमा लय राखतात त्या मेंदूतल्या आवर घालणाऱ्या पेशी. डेव्हिड लुईस यांच्या पिट्सबर्गच्या गटाला स्किझोफ्रेनिया असलेल्यांच्या मेंदूत नेमक्या याच पेशी दुबळ्या आढळल्या. सेकंदाला चाळीस टिकटिक ऐकवल्या तर निरोगी मेंदू त्या तालाला धरून चालतो, यांचा मागे पडतो. औषधांमुळे असं होतं म्हणावं, तर पहिल्याच झटक्यात, गोळी सुरू होण्याआधीही गॅमातली उणीव दिसलेली आहे.

आमच्या नेहमीच्या गोळ्या डोपामिनवर काम करतात. आवाज त्यांनी शमतात, ही लय फारशी सुधारत नाही. आयक्लेपर्टिन नावाच्या औषधावर मोठी आशा होती, पण २०२५ च्या सुरुवातीला शेवटच्या टप्प्यातल्या चाचण्यांत तेही कमी पडलं. कार्यस्मृतीच्या सरावानं मात्र काही फरक पडतो, विशेषतः त्याला खऱ्या कामाची जोड असेल तर.

म्हणून मी घरच्यांना सांगतो, एका वेळी एकच काम सांगा. ते झालं की दुसरं. चिठ्ठी लिहून खिशात द्या. ओरडू नका, धास्तीनं उरलीसुरली पकडही सुटते. ज्याच्या मुलाची गोष्ट सांगितली त्याच्या बायकोनं हे कुणी न शिकवता कधीच सुरू केलं होतं. हळद पॉलिशला काढली की ती मुलाला फक्त पोती धरायला बसवायची.

आणि "मेंदूची पट्टी (ईईजी) काढून घ्या" म्हणून कुणी शहरात पाठवलं, तर निव्वळ स्किझोफ्रेनियाचं निदान करायला त्यावर पैसे घालू नका. गॅमा लहरींतले हे फरक संशोधनात अनेकांची सरासरी काढल्यावर दिसतात, एकट्या माणसाच्या पट्टीवरून आजार ठरत नाही. तो पैसा गोळ्यांना ठेवा. काम जमत नाही म्हणून त्या बंद करू नका. अडचण आली तर १४४१६ वर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला फोन करा, तिथं मराठीत बोलता येतं.