पदर कोणासमोर, ओढणी कोणासाठी

नाशिक, ऐन मे महिना

चि. सौ. भाचीस,

तुझ्या माँट्रियलच्या शाळेतल्या, डोक्याला रुमाल बांधणाऱ्या त्या शिक्षिका बाईंची हकीकत वाचली. क्युबेकने २०१९ मध्ये केलेला २१ क्रमांकाचा कायदा सरकारी शाळांतल्या शिक्षकांना कामावर असताना धर्माची खूण अंगावर बाळगू देत नाही. रुमाल, पगडी, किप्पा, क्रूस, सगळं त्यात आलं. कायद्याआधीपासून नोकरीत असलेल्यांना सवलत आहे, पण आहे त्याच जागी राहिलं तर. म्हणजे बाईंना मुख्याध्यापिका व्हायचं असेल तर आधी डोकं उघडं करायचं! "आपल्या नाशिकला काय चालतं?" असं तू विचारलंस, म्हणून हे जरा लांबलचक पत्र.

नाशिकला डोकं झाकण्यात पहिला नंबर लागतो तो उन्हाचा. दुपारी कॉलेज रोडला उभं राहिलं तर स्कूटरवरच्या पोरी डोळे तेवढे उघडे ठेवून, स्कार्फ गच्च गुंडाळून जाताना दिसतात. कोण कुठल्या धर्माची, काही पत्ता लागत नाही. ऊन, धूळ, केसांची काळजी ही कारणं सगळ्या सांगतात. मागे बसलेला मित्र काकांच्या नजरेस पडू नये हे कारण कोणी सांगत नाही. या स्कार्फवरून मोर्चा निघाल्याचं मात्र कधी ऐकलं नाही. कापड तितकंच, झाकणं बुरख्याइतकंच.

निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत तर हा पेहरावच आहे. पेठ, सुरगाण्याहून मजुरीला येणाऱ्या बाया साडीवर पुरुषी फुल शर्ट चढवतात आणि डोक्याला, कानांना रुमाल बांधतात. फवारा, ऊन आणि पानांची खाज यांच्यापुढे धर्मशास्त्राचं काय चालणार? त्यांच्या आज्यांकडे फडकी असायची. आदिवासी बाईच्या डोक्यावरून पाठीवर येणारं ते वस्त्र आता बहुतेक ठिकाणी सणासमारंभात आणि नाचाच्या पथकांत उरलं आहे. लासलगावला कांदा निवडणाऱ्या बायकांचाही थाट असाच.

आता घरात ये. इथे गंमत जास्त आहे आणि दुःखही.

एकाच गावात, एकाच गोदेच्या काठावर, डोक्यावरच्या पदराचे अर्थ वाड्यागणिक बदलत. मराठा घराण्यात सुनेचा पदर ढळला की घराची अब्रू गेली. मोठ्या घरांत तर गोषाच असे. ब्राह्मण घरातली सुवासिनी मात्र साधारणपणे डोक्यावर पदर घेत नसे. खोप्यात वेणी माळलेलं उघडं डोकं हीच तिच्या सौभाग्याची मिरवणूक. त्या घरात डोकं झाकलेली बाई दिसली की ती विधवा: केस काढलेले, अंगावर तांबडं आलवण, पदर कपाळापर्यंत ओढलेला. एकीकडे ज्या पदरानं मान वाढायचा, त्याच पदरानं पलीकडच्या वाड्यात बाईला मंगलकार्यातून उठवून मागच्या खोलीत बसवलं जायचं. यात ग्रंथ किती आणि जात किती, हे तूच ठरव.

त्या आलवणाशी झालेली एक लढाई फार वेगळ्या लोकांनी लढली. १८९० मध्ये मुंबईत गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं न्हाव्यांची सभा भरली आणि विधवेच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही असं त्यांनी ठरवलं. समाजसुधारक भाषणं करत होते, शास्त्री वचनं काढत होते. इथे ज्याच्या हातून ते काम होत होतं त्यानेच हात आखडता घेतला. कोणाच्या अंगावरचं कापड ओढून काढण्यापेक्षा ही तऱ्हा मला फार शहाणपणाची वाटते. सक्ती करणारा हात थांबला पाहिजे, मग बाई काय नेसायचं ते बघून घेते.

आणि झाकलेलं डोकं म्हणजे दबलेली बाई, असं कोणी तुला सांगितलं तर त्याला चांदवडला घेऊन ये. तिथला होळकरांचा रंगमहाल दाखव. अहिल्याबाईंचं चित्र डोळ्यांसमोर आण: पांढरा पदर डोक्यावर, हातात शिवलिंग. माळव्याचा इतिहास लिहिणारा जॉन माल्कम सांगतो की ही बाई रोज खुल्या दरबारात बसून कारभार पाहायची. पदर होता, पडदा नव्हता. आपल्या वादांत या दोन गोष्टींची फार सरमिसळ होते.

चांदवडहून मनमाड जवळच. तिथल्या गुप्तसर साहिब गुरुद्वाऱ्यात आत जाताना बाईने ओढणी घ्यायची आणि पुरुषानेही डोक्याला रुमाल बांधायचा. दोघांना एकच नियम. शिखांचे तिसरे गुरू अमरदास यांनी तर बायकांच्या पडद्याला विरोध केला होता. आपल्या देवळालीत पूर्वीपासून पारशी वस्ती आहे. त्यांच्यातल्या जुन्या पिढीच्या बायका केसांवर माथाबाना नावाचं पांढरं तलम कापड बांधत. अग्यारीत टोपी पुरुषालाही चुकत नाही. म्हणून कुठलाही नियम ऐकला की पहिला प्रश्न हा विचारावा: हा पुरुषांनाही आहे का? असेल तर तो देवापुढचा अदब. नसेल तर मामला माणसांचा.

ख्रिस्ती लोकांत दोन्ही धागे सापडतात. पौलानं करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रातल्या अकराव्या अध्यायात प्रार्थनेच्या वेळी बाईनं मस्तक झाकावं आणि पुरुषानं झाकू नये असं म्हटलं आहे. कॅथलिक चर्चच्या १९१७ च्या कायद्यात हा नियम होता, १९८३ च्या नव्या कायद्यात तो राहिला नाही. तरी शरणपूरच्या किंवा नाशिकरोडच्या प्रार्थनेत मराठी ख्रिस्ती आजीचा हात डोळे मिटता मिटता पदराकडे जातोच. ती पौलाचं ऐकते की आपल्या आजीचं, कोण सांगणार? मारवाडी शेजारणीचा घुंघट सासरा ओसरीवर आला की खाली येतो आणि भाजीवाल्याशी घासाघीस करताना वर जातो. तिथे देव कुठेच नाही, नुसता सासरा आहे!

आता मुसलमान बायकांबद्दल, कारण तुझा खरा प्रश्न तोच होता. दूध बाजार, भद्रकाली, मालेगाव इथे काळा बुरखा भरपूर दिसतो. पण बोहरी बाईचा रिदा रंगीत, लेस लावलेला, दोन भागांचा असतो. आणि आपल्या खेड्यांतल्या कित्येक मुस्लिम आज्या साडीच नेसत, अजानच्या वेळी पदर डोक्यावर घेत. आज एकाच घरात सासू साडीत, सून बुरख्यात आणि नात जीन्सवर हिजाब घालून दिसते. नातीला कोणी भाग पाडलं असेल, किंवा तिने आपण होऊन घातला असेल, किंवा त्याशिवाय घरचे कॉलेजला पाठवणार नसतील. बाहेरून बघून यातलं काही कळत नाही.

न्यायालयांनाही ते सोपं गेलेलं नाही. उडुपीच्या मुलींच्या प्रकरणात कर्नाटक उच्च न्यायालयाने मार्च २०२२ मध्ये वर्गातली हिजाबबंदी योग्य ठरवली. ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींची मतं दोन दिशांना गेली. चेंबूरच्या एका महाविद्यालयाने हिजाब, टोपी बंद केली. जून २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मुलींची याचिका फेटाळली, तर ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदीच्या त्या भागाला स्थगिती दिली आणि टिळा-टिकलीवरही बंदी घालणार का, असं विचारलं. त्याच २०२२ मध्ये इराणात महसा अमिनी नावाची बावीस वर्षांची मुलगी हिजाब नीट घेतला नाही म्हणून पकडली गेली आणि कोठडीत असतानाच तिचा जीव गेला. उडुपीत घातला म्हणून वर्ग बंद, तेहरानमध्ये नीट घातला नाही म्हणून अटक. दोन्हीकडे ठरवणारं दुसरंच कोणी. म्हणून क्युबेकचा कायदाही मला पटत नाही, आणि आपल्याकडच्या "आमच्यात असंच असतं" म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांचंही पटत नाही.

त्या बाईंच्या बाजूने तू शाळेत बोलणार आहेस म्हणतेस. जरूर बोल. पण त्याआधी त्यांना एकटं गाठून बोल. मुख्याध्यापक जवळ नकोत, त्यांचे घरचेही नकोत. उद्या रुमाल काढावासा वाटला तर काढता येईल का, आणि ठेवावासा वाटला तर बढती मिळेल का, हे दोन्ही विचार. त्या काय म्हणतात ते मला सविस्तर लिहून कळव.

तुझी,
मावशी