बहिष्काराची वाट: टिळक आळी ते आंबडवे

कोकण रेल्वेने रत्नागिरीस उतरून शहरात येणारा प्रवासी टिळक आळीत शिरतो, तेव्हा तेथील कौलारू घरापाशी त्याची पावले आपोआप थांबतात. २३ जुलै १८५६ रोजी याच गावी जन्मलेल्या लोकमान्य टिळकांनी पुढे स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार आणि राष्ट्रीय शिक्षण या चतुःसूत्रीचा, म्हणजे चळवळीच्या चार कलमांचा, हिरिरीने पुरस्कार केला. आणि या शब्दांचे जवळचे सोबती दूरच्या आयर्लंडमध्ये सापडतात.

‘शिन फेन’ या आयरिश शब्दप्रयोगाचा अर्थ ‘आपण स्वतः’ असा आहे. आर्थर ग्रिफिथ यांनी १९०५ साली डब्लिनमध्ये मांडलेले धोरण या नावाने ओळखले गेले, आणि त्याच वर्षी बंगालच्या फाळणीमुळे हिंदुस्थानात स्वदेशीला उधाण आले. मात्र इंग्रजीत ‘शिन फेन’चा अर्थ ‘फक्त आम्हीच’ असा रूढ झाल्याने स्वावलंबनाच्या शब्दाला आडमुठेपणाची छटा चिकटली. ‘आमचा दिवस येईल’ या अर्थाचे ‘चुकी आर ला’ हे आयरिश वाक्य वरवर साधे असले, तरी १९८१ साली तुरुंगातील उपोषणात मरण पावलेल्या बॉबी सँड्स यांच्या लिखाणात ते येते; त्यामुळे ते एका पक्षाला आशा वाटते, तर दुसऱ्याला धमकी. ‘होमरूल’ हा शब्दही आयर्लंडकडूनच आला. खुद्द ब्रिटिश संसदेत त्याची चर्चा होत असल्याने त्याला राजद्रोह ठरवणे अवघड होते, आणि १९१६ च्या एप्रिलमध्ये बेळगावात संघ स्थापन करताना टिळकांनी तोच शब्द स्वीकारला.

टिळक आळीतून पतितपावन मंदिराकडे जाताना आणखी एक शब्दकार आठवतो. १९२४ ते १९३७ या स्थानबद्धतेच्या काळात राजकारणास बंदी असलेल्या सावरकरांनी येथे भाषाशुद्धीची, म्हणजे परकीय शब्द वगळण्याची, चळवळ चालवली. ‘दिनांक’, ‘हुतात्मा’ हे शब्द त्यांनीच रूढ केले. भागोजीशेठ कीर यांनी बांधलेले हे मंदिर १९३१ साली, एरवी मंदिरप्रवेश नाकारल्या जाणाऱ्यांसह, सर्व हिंदूंना खुले झाले.

मंदिराच्या पायरीवर उभे राहिले की ‘बहिष्कार’ या शब्दाचे ओझे खरे जाणवते. १८८० साली आयर्लंडमधील मेयो परगण्यातील कुळांनी जमीनदाराचे कारभारी कॅप्टन बॉयकॉट यांच्याशी सर्व व्यवहार तोडले, आणि त्यांचे आडनावच इंग्रजीत क्रियापद होऊन बसले. तेथे हे दुर्बळांनी बलवानाविरुद्ध उचललेले शस्त्र होते, आणि टिळकांनी विलायती मालाविरुद्ध तेच उगारले. परंतु मराठीत हा शब्द त्याहून जुना असून तो जातपंचायतीच्या व गावकीच्या तोंडचा आहे. येथे बलवानच तो दुर्बळांवर घालीत आले.

याची साक्ष घ्यायची, तर उत्तरेकडे टिळकांचे मूळ गाव चिखलगाव असलेला दापोली तालुका ओलांडून मंडणगड तालुक्यात, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मूळ गावी आंबडवे येथे जावे. १९२७ साली त्यांनी आपल्या पाक्षिकाला ‘बहिष्कृत भारत’ हे नाव दिले आणि त्याच शब्दाकडे तो सोसणाऱ्यांच्या बाजूने पाहायला लावले. चतुःसूत्रीतला बहिष्कार आणि या नावातला बहिष्कार एकाच जिल्ह्याच्या मातीतले आहेत, हे रत्नागिरीचे वर्णन करणाऱ्याने विसरता कामा नये. सामाजिक बहिष्काराला गुन्हा ठरवणारा कायदा महाराष्ट्र विधिमंडळाने २०१६ साली संमत केला.