पालघरचे वर्ष आणि त्याचे शब्द



‘हवामान’ हा शब्द आपण रोज उच्चारतो. तो फोडून मात्र क्वचितच पाहतो. ‘हवा’ अरबीतून फारसीमार्गे आली, ‘मान’ संस्कृतातले. दोन दूरच्या कुळांतील शब्दांचा संसार मराठीत असा जमला की सांधा आता दिसत नाही. हवेचे मान, म्हणजे माप. वेधशाळा ते अंशांत आणि मिलिमीटरमध्ये घेते. मी भाषेची अभ्यासक, म्हणून ते शब्दांत घेत आले आहे. त्यासाठी पालघर ते बोईसर-तारापूर एवढा पट्टा मला पुरला. पालघर आणि बोईसर यांच्यामध्ये उमरोळी हे एकच स्थानक. पण मांगेली, वाडवळी, वारली या बोली आणि औद्योगिक वसाहतीतील परप्रांतीय कामगारांची हिंदी येथे रोज एकाच फलाटावर उभ्या असतात.

येथील वर्ष जूनमध्ये सुरू होते, असे मी मानते. कारखान्यांचे हिशेब एप्रिलपासून लिहिले जातात, ते लिहोत बापडे. घराघरांत मात्र सारी बेगमी ‘आगोटी’साठी होते, आणि आगोट म्हणजे पावसाळ्याचे तोंड. सूर्य ७ जूनच्या सुमारास मृग नक्षत्रात जातो. हवामान विभागाने २०२० मध्ये मोसमी पावसाच्या सर्वसाधारण तारखा सुधारल्या, तेव्हा मुंबईसाठी ११ जून ही तारीख ठरली. पंचांग आणि वेधशाळा यांच्यात येथे चारच दिवसांचे अंतर आहे.

जुलै हा सर्वाधिक पावसाचा महिना. पुनर्वसूचा पाऊस ‘तरणा’ आणि त्यामागून येणाऱ्या पुष्याचा ‘म्हातारा’. पावसाला वय देणाऱ्या माणसांना त्याच्याशी घरोब्याने वागायचे असते, हे उघड आहे. किनाऱ्यावरच्या गावांत मात्र पाऊस किती पडला याआधी भरती केव्हाची, हे विचारतात. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास ‘उधाण’ असते, अष्टमीच्या आसपास ‘भांग’. मुसळधार पाऊस भांगात पडला तर खाडी ते पाणी ओढून नेते. तोच उधाणाच्या भरतीवर पडला तर पाणी मागे फिरून अंगणात येते. मिलिमीटरचा आकडा दोन्ही दिवशी एकच असू शकतो. मोबाइलवर दिसणारे ढगाचे चित्रही एकच असते. फरक कळतो तो ‘उधाण’ आणि ‘भांग’ हे शब्द ज्याच्या तोंडी आहेत त्याला.

समुद्राचे वर्ष वेगळे. यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै मासेमारीची बंदी असते, म्हणजे ६१ दिवस. सातपाटीची परंपरा मात्र नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देण्याची. सरकारी तारीख स्थिर आणि पौर्णिमा चंद्राबरोबर सरकणारी. त्यामुळे कोणते वर्ष पाळायचे, हा प्रश्न दर श्रावणात उभा राहतो.

आता ऑक्टोबरकडे येऊ. मला खरे सांगायचे आहे ते याच महिन्याविषयी.

आपल्यापैकी ज्यांच्या घरी भातशेती आहे त्यांना ठाऊक असेल की, हळवे भात प्रथम पिकते, निमगरवे त्यानंतर आणि गरवे सर्वांत शेवटी. कापलेले भात दोन-तीन दिवस खाचरातच वाळत ठेवतात. मग भारे बांधून खळ्यावर नेतात. ते दोन-तीन दिवस कोरडे मिळावेत, एवढीच शेतकऱ्याची मागणी असते. त्यांत पाऊस आला की दाण्याला मोड येतात आणि पेंढाही काळा पडतो. मुंबईहून मोसमी पाऊस माघारी फिरण्याची तारीख पूर्वी २९ सप्टेंबर मानली जाई. २०२० च्या सुधारणेत ती ८ ऑक्टोबर झाली. त्याही पुढे पाऊस पडतोच. २०१९ च्या ऑक्टोबरअखेरीस अरबी समुद्रात ‘क्यार’ आणि पाठोपाठ ‘महा’ ही चक्रीवादळे उठली. त्या पावसाने राज्यभर काढणीला आलेली पिके नासली. चित्रा-स्वातीचा पाऊस घाटावर रब्बीसाठी हवासा असतो. येथे तोच कापल्या भातावर पडतो.

या पावसाला आपण काय म्हणतो? ‘अवकाळी’. माझ्या विद्यार्थिदशेत हे निव्वळ विशेषण होते. ‘अवकाळी पाऊस’ असे पूर्ण म्हणावे लागे. आज वृत्तपत्रे ‘अवकाळीचा फटका’, ‘अवकाळीने झोडपले’ असे लिहितात. विशेषण नाम झाले आणि विभक्तिप्रत्यय घेऊ लागले. ‘शहाण्याला शब्दांचा मार’ या म्हणीत ‘शहाणा’ जसा चालतो, तसा ‘अवकाळी’ चालू लागला. पुढचे नाम न सांगताही कळू लागले की विशेषण असे एकटे उभे राहते, आणि न सांगता कळण्यासाठी ती गोष्ट पुन्हापुन्हा घडावी लागते. हवामान बदलल्याची साक्ष मला आलेखाआधी या षष्ठीच्या प्रत्ययाने दिली. जो पाऊस वर्षानुवर्षे येतो त्याला ‘काळाबाहेरचा’ म्हणत राहणे कितपत खरे, हा प्रश्न आपणही विचारून पाहावा.

हिवाळ्याविषयी फार सांगण्यासारखे नाही. शब्दात ‘हिम’ आहे, किनाऱ्यावर ते कधी पडत नाही. बोईसरमध्ये मात्र या दिवसांत थंड हवा रात्री जमिनीलगत साचते आणि कारखान्यांचा वासही तिच्याबरोबर खालीच राहतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूर वसाहत देशात सर्वांत वर होती. तो वास नेमका सांगणारा मराठी शब्द माझ्या कानी अद्याप आलेला नाही. इतक्या वर्षांत एवढी एक उणीव का भरून निघाली नसावी, याचे मला राहून राहून नवल वाटते.

मार्चमध्ये पूर्वेचा कोरडा वारा जोर धरतो, खारे वारे उशिरा सुटतात आणि पारा अचानक चढतो. मे महिन्यात तो थोडा उतरतो, पण घाम वाढतो. या घामट उकाड्याला बोईसरच्या फलाटावरची मराठी मुले आता सर्रास ‘उमस’ म्हणतात. शब्द हिंदीतला, येऊ द्यावा. २०२१ च्या मे महिन्यात याच किनाऱ्यासमोरून ‘तौक्ते’ वादळ गेले. ते नाव म्यानमारचे, अर्थ पालीसारखा एक सरपटणारा प्राणी. आदल्या वर्षीचे ‘निसर्ग’ हे नाव मात्र बांगलादेशाने दिलेले असूनही आपल्याला घरचेच वाटले.

याच मे महिन्यात शेतकरी राब भाजतात आणि संध्याकाळी त्याचा धूर रुळांपर्यंत येतो. कोळीवाड्यांत सुके बोंबील आणि जवळा डब्यांत भरून ठेवतात. आपल्या परीक्षाही बहुधा याच सुमारास येतात. तेव्हा घामाने ओला होणारा हात उत्तरपत्रिकेवर टेकू नये म्हणून सोबत एक रुमाल जरूर ठेवावा.