काहीच येत नसतानाचे दिवस

एमबीबीएसला प्रवेश घेऊन मुलं महाविद्यालयात पाऊल टाकतात, तेव्हा नीटच्या तयारीची दोन-तीन वर्षं त्यांच्या पाठीशी असतात. 720 गुणांची परीक्षा, 180 प्रश्न, एका प्रश्नाला जेमतेम मिनिटभर. चारांतला बरोबर पर्याय चटकन ओळखायचा आणि पुढे जायचं, एवढंच त्या वर्षांनी अंगी मुरवलेलं असतं. मग येतो पहिला आठवडा. कागदपत्रांच्या रांगा, वसतिगृहातली खोली, नवा एप्रन, सीनिअरकडून मिळवलेला बोन सेट, रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्र, डीनचं भाषण, पुतळ्याच्या छातीवर दाब द्यायचा सराव, कचऱ्याच्या रंगीत डब्यांची माहिती. खरा अभ्यास सुरू होण्याआधीची ही भरती आहे, असं विद्यार्थ्यांना वाटतं, पालकांना वाटतं आणि पुष्कळ शिक्षकांनाही वाटतं. मला मात्र साडेपाच वर्षांतला हा काळ फार मोलाचा वाटतो, आणि त्याचं कारण साधं आहे. या दिवसांत विद्यार्थ्याला काहीच येत नसतं. पुढे तो रुग्णासमोर उभा राहील तो काहीतरी माहीत असलेला माणूस म्हणून. निव्वळ ऐकणारा आणि बघणारा म्हणून उभं राहण्याची संधी त्याला एवढीच मिळते.

2019 साली क्षमताधारित अभ्यासक्रम आला आणि त्याबरोबर फाउंडेशन कोर्स नावाने ही ओळख देशभर सक्तीची झाली. मूळ आराखडा महिनाभराचा, 175 तासांचा होता. त्यात 30 तास संस्थेची आणि अभ्यासक्रमाची ओळख, 35 तास प्राथमिक कौशल्यं, 40 तास व्यावसायिक वर्तन आणि नीती, 40 तास भाषा आणि संगणक, 22 तास खेळ आणि इतर उपक्रम, आणि आरोग्य केंद्राच्या भेटीला 8 तास. पुढे हा कोर्स आखडला, त्याचे काही तास नंतरच्या महिन्यांत पसरले. आराखडा वाईट नाही. पण त्यातले 8 तासच मला सर्वात महत्त्वाचे वाटतात आणि नेमके तेच सर्वात कमी आहेत. बाकी बहुतेक तास विद्यार्थी सभागृहात बसून असतो. आजारी माणूस जिथे येतो, बाकावर ताटकळतो, केसपेपर हातात घेऊन खिडक्या बदलतो, ती जागा तो या 8 तासांतच पाहतो.

हात धुण्याचा धडा घ्या. बारावीला नव्वदच्या वर टक्के मिळवलेल्या मुलाला हात धुवायला शिकवायचं, यात अनेकांना वेळेचा अपव्यय दिसतो. व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात 1840 च्या दशकात बाळंतपणाचे दोन कक्ष होते. एकात डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थी, दुसऱ्यात सुइणी. 1846 साली पहिल्या कक्षात शंभरातल्या अकराहून अधिक बाळंतिणी दगावल्या, दुसऱ्यात तीनांहूनही कमी. शवविच्छेदन करून आलेले हात तसेच बाळंतिणीच्या तपासणीला लागत होते. इग्नाझ सेमेलवाइसने मे 1847 मध्ये क्लोरीनच्या पाण्याने हात धुणं सक्तीचं केलं आणि 1848 मध्ये पहिल्या कक्षातलं प्रमाण सव्वा टक्क्याच्या आसपास आलं. हा इतिहास डॉक्टरांना ठाऊक असतो. त्यातला दुसरा भाग फारसा सांगितला जात नाही. पहिल्या कक्षात मरण जास्त आहे हे गावातल्या बायकांना आधीच कळलेलं होतं आणि आपल्याला दुसऱ्या कक्षात घ्या म्हणून त्या गयावया करत. कारण त्यांनाही माहीत नव्हतं, पण वस्तुस्थिती त्यांना दिसत होती. शिकलेल्यांना ती पटायला वेळ लागला, कारण आपले हात अपाय करतात हे मान्य करणं त्यांना अवघड होतं. पहिल्या आठवड्यात हात धुण्याच्या पायऱ्या पाठ करून घेतल्या जातात. त्यांच्यासोबत या बायकांची गोष्टही सांगितली, तर तो धडा स्वच्छतेपुरता राहणार नाही.

कचऱ्याच्या डब्यांचंही तसंच. पिवळा, लाल, पांढरा, निळा. सुया आणि पाती पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात. परीक्षेत हा दोन गुणांचा प्रश्न असतो. वॉर्डात मात्र चुकीच्या पिशवीत पडलेली सुई टोचते ती पिशवी उचलणाऱ्या मावशींना किंवा मामांना, टाकणाऱ्या डॉक्टरला नव्हे. आपल्याकडच्या रुग्णालयांत ही मावशी-मामांची नाती सगळे वापरतात, पण त्यांच्यापैकी कुणी नव्या विद्यार्थ्यांशी व्यासपीठावरून बोलल्याचं क्वचितच दिसतं. डीन, विभागप्रमुख, वसतिगृहाचे वॉर्डन सगळे बोलतात. वीस वर्षं वॉर्ड सांभाळलेल्या मावशींनी अर्धा तास सांगितलं, की रात्री दोन वाजता नवा इंटर्न काय काय कुठे टाकून जातो, तर त्या डब्यांचे रंग मुलांच्या डोक्यातून जाणार नाहीत.

या दिवसांत विद्यार्थी डिसेक्शन हॉलमध्येही पहिल्यांदा जातो. फॉर्मॅलिनने डोळे चुरचुरतात, कुणाला गरगरतं, कुणी उगाच हसतं. अनेक महाविद्यालयांत आता मृतदेहासमोर आदराची शपथ घेतात आणि ते योग्यच आहे. पण टेबलावर कोण आहे, हेही मुलांना सांगायला हवं. काही देह दात्यांचे असतात. त्यांनी हयातीत इच्छा लिहून ठेवलेली असते आणि घरच्यांनी दुःखात ती पाळलेली असते. काही देह बेवारस असतात. मुंबई प्रांतात 1949 साली झालेल्या शरीरशास्त्र कायद्याने असे देह महाविद्यालयांना देण्याची सोय केली. म्हणजे ज्याची विचारपूस करायला कुणी आलं नाही, तो माणूस डॉक्टर घडवतो. या माणसाला जिवंतपणी किती डॉक्टर भेटले असतील, हा प्रश्न शरीररचनाशास्त्राच्या पुस्तकात नाही. तो पहिल्याच दिवशी विचारता येतो, कारण त्या दिवशी विद्यार्थ्याला अजून स्नायू आणि नसा दिसत नसतात, माणूसच दिसत असतो. महिन्याभरात नजर बदलते. ती बदलायलाच हवी, नाहीतर शिकणं होणार नाही. म्हणूनच ती बदलण्याआधीचे दिवस वाया घालवू नयेत.

पहिल्या आठवड्यातलं ऐकणं पुढे किती कामाला येतं, ते ओपीडीत कळतं. अमेरिकेत बेकमन आणि फ्रँकेल यांनी 1984 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं, की रुग्ण आपली तक्रार सांगू लागल्यावर डॉक्टर सरासरी 18 सेकंदांत त्याला मध्येच तोडत होते. आपल्याकडच्या सरकारी ओपीडीची रांग पाहिली तर वेगळं काही घडण्याची आशा धरणं कठीण आहे. आता समोरच्या बाई काय सांगतात ते ऐका. पोटात कळ येते, पाय ठणकतो, कमरेत चमक भरते, रात्री जीव घाबरा होतो. कळ राहून राहून येते, ठणका सतत असतो, चमक क्षणात भरते. निम्मं निदान सांगणाऱ्याच्या तोंडात असतं. अखिल भारतीय कोट्यातून आलेल्या मुलाला हे कळत नाही. पण पुण्या-मुंबईच्या इंग्रजी शाळेतून आलेल्या मराठी मुलालाही ते पुष्कळदा कळत नाही, हे आपण मान्य करत नाही. भाषेच्या तासांत ‘तुमचं नाव काय’ इतपत संभाषण घोकून घेण्यापेक्षा या मुलांना केसपेपरच्या खिडकीजवळच्या बाकांवर बसवावं. रुग्णांशी बोलावं, ते म्हणतात ते त्यांच्याच शब्दांत लिहून आणावं. उत्तर द्यायचं नाही, कारण देण्यासारखं उत्तर अजून नाहीच.

असं करता येतं याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. डॉ. सुशीला नायर यांनी गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, 1969 मध्ये सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय सुरू केलं. तिथे नवे विद्यार्थी आधी पंधरा दिवस आश्रमाच्या परिसरात राहतात. प्रार्थना, श्रमदान, सूतकताई, झाडलोट. त्यानंतर पहिल्याच वर्षी एका गावात पंधरा दिवसांचं शिबिर होतं. तिथे प्रत्येकाच्या वाट्याला काही कुटुंबं येतात आणि पुढे ती मुलं त्या घरांत पुन्हा पुन्हा जात राहतात. यावर एक आक्षेप नेहमी येतो : सूत कातल्याने डॉक्टर चांगला होतो का? सूत कातल्याने होत नाही, हे खरं. पण ज्या कामात आपण इतर कुणाहूनही हुशार नाही, ते काम सगळ्यांबरोबर बसून करणं हा नीटच्या गुणवत्ता यादीवर चांगलाच उतारा आहे. आणि गावातल्या त्या घरात अठरा वर्षांची मुलगी जाते, तेव्हा तिच्याकडे गोळी नसते, सुई नसते, सल्लाही नसतो. पाणी कुठून आणता, चूल की गॅस, शेवटचं बाळंतपण कुठे झालं, एवढंच ती विचारू शकते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने अलीकडे सगळ्याच महाविद्यालयांसाठी कुटुंब दत्तक कार्यक्रम आणला, त्याची दिशा हीच आहे. तो फॉर्म भरण्यापुरता उरू नये, एवढी काळजी महाविद्यालयांनी घ्यायची.

याहून गंभीर आक्षेप असा, की हे सगळं टिकत नाही. शपथा होतात, एप्रन चढवण्याचे सोहळे होतात, फोटो काढले जातात आणि चौथ्या दिवशी सगळे विसरतात. एप्रनचा सोहळा 1993 मध्ये न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉ. अरनॉल्ड गोल्ड यांनी सुरू केला. पदवी हातात पडताना शपथ घ्यायची म्हणजे फार उशीर झाला, हा त्यांचा मुद्दा होता आणि तो मला पटतो. आपल्याकडे 2022 मध्ये हिपोक्रेटसची शपथ की चरकाची, यावर वाद झाला. त्या वादात खर्ची पडलेली ऊर्जा शपथेनंतर काय करायचं याकडे वळली असती तर बरं झालं असतं. टिकत नाही, या म्हणण्याला पुरावाही आहे. फिलाडेल्फियाच्या जेफरसन मेडिकल कॉलेजमधला 2009 चा अभ्यास सांगतो, की विद्यार्थ्यांची सहानुभूती तिसऱ्या वर्षी लक्षणीयरीत्या घसरली. म्हणजे नेमकी तेव्हा, जेव्हा ते रोज रुग्णांत वावरू लागतात. ते मोजमाप विद्यार्थ्यांनीच भरलेल्या प्रश्नावलीवरचं होतं, ही त्याची मर्यादा. तरीही वॉर्डात वावरलेल्या कुणालाही त्यात फार नवल वाटणार नाही. जागरणं, युनिटमधली उतरंड, सतत चालणारी मृत्यूची ये-जा आणि चुकलं तर सर्वांसमोर होणारा अपमान यांत माणूस कोरडा पडतो.

पण यावरून पहिला आठवडा निरर्थक ठरत नाही. तो एकदाच होतो, ही खरी अडचण आहे. वॉर्डात पोस्टिंग सुरू होताना, इंटर्नशिपच्या आरंभी, बंधपत्राच्या वर्षासाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू होण्याआधी, अशा प्रत्येक वळणावर नव्याने दोन-तीन दिवस द्यायला हवेत. दर वळणावर डॉक्टर पुन्हा अजाण असतो. कॅज्युअल्टीतला पहिल्या रात्रीचा इंटर्न आणि एकट्याने केंद्र सांभाळणारा नवा वैद्यकीय अधिकारी हे दोघे पहिल्या वर्षाच्या मुलाइतकेच बावरलेले असतात, फरक इतकाच की त्यांना ते दाखवायची सोय नसते. अभ्यासक्रमात जागा नाही, असं यावर सांगितलं जाईल. पण शरीररचनाशास्त्राच्या शेकडो तासांतून तीन दिवस निघत नाहीत, हे मला पटत नाही.

आणि ज्यांना हा पहिला आठवडाच मिळत नाही, त्यांचं काय? प्रवेशाच्या फेऱ्या लांबतात. शेवटच्या फेरीतून आलेला विद्यार्थी पोहोचतो तेव्हा वर्ग सुरू होऊन बराच काळ लोटलेला असतो. तो एप्रन चढवून थेट डिसेक्शन टेबलाशी उभा राहतो, शेजारच्याची वही मागतो आणि मागे पडलेला अभ्यास भरून काढायच्या मागे लागतो. अशा मुलांचे बुडलेले विषयांचे तास भरून देण्याची सोय महाविद्यालयं करतात. त्यांच्यासाठी आरोग्य केंद्राची भेट, मृतदेहासमोरची शपथ आणि ओपीडीच्या बाकावरची ती सकाळही पुन्हा ठेवावी, मग मुलं पाचच का असेनात.