पहिल्या वर्षाचा ओरडा

परवा रात्री धारवाडच्या हॉस्टेलवरून नातीचा फोन आला. आवाज रडवेला. "आज्जी, बास्केटबॉल सोडून देऊ काय गं? सर सगळ्यांसमोर ओरडतात. सीनियर मुलींना काही नाही, आम्हा पहिल्या वर्षाच्यांनाच सगळं."

"उद्या सकाळी बोलूया, आधी जेव," म्हटलं आणि फोन ठेवला. मला मात्र झोप लागली नाही. कारण असाच प्रश्न मलाही एकदा पडला होता, आणि तेव्हा मी खेळ सोडला होता.

बेळगावात कॉलेजच्या पहिल्या वर्षाला मी संघात होते. एकदा पास हातून निसटला. शिकवणारे गृहस्थ शिट्टी थांबवून म्हणाले, "घरी जाऊन भाकऱ्या थाप, तुझं काम ते." सगळे हसले. दुसऱ्या दिवसापासून मी मैदानावर गेले नाही. आपण कच्च्या निघालो, हे पुढे कित्येक वर्षं मनात राहिलं.

१९९७-९८ च्या हिवाळ्यात मी भावाकडे अमेरिकेत, टेनेसीतल्या नॉक्सव्हिलला गेले होते. तिथल्या विद्यापीठाच्या मुलींचा बास्केटबॉल सामना बघायला भाऊ घेऊन गेला. मुलींच्या खेळाला एवढी गर्दी मी जन्मात पाहिली नव्हती. सगळं स्टेडियम नारिंगी. पण माझं लक्ष होतं प्रशिक्षिका पॅट समिट यांच्याकडे. त्यांची रोखून बघण्याची नजर तिथे प्रसिद्धच होती. खेळणाऱ्या मुलीपेक्षा वरच्या रांगेत बसलेली मीच दचकत होते!

त्या वर्षी संघाचा मोठा भार पहिल्या वर्षाच्या मुलींवर होता. त्यांना सवलत नव्हती. वर्गातही समिट यांच्या खेळाडूंनी पहिल्या तीन रांगांतच बसायचं, तास बुडवायचा नाही, असा नियम. त्या मोसमात संघाने ३९ पैकी ३९ सामने जिंकले आणि राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं.

त्या नव्या मुलींतली एक टमीका कॅचिंग्ज. तिला जन्मापासून कमी ऐकू यायचं. लहानपणी मुलं चिडवायची म्हणून तिने श्रवणयंत्र टाकून दिलं होतं. समिट यांनी तिला समजावलं आणि ते पुन्हा लावायला लावलं. पुढे ती ऑलिंपिकची चार सुवर्णपदकं जिंकली. हे मी नंतर वाचलं, आणि त्या नजरेचा अर्थ तेव्हा कळला. जी बाई चुकीवर डोळे वटारत होती, तिलाच मुलीच्या कानाचीही काळजी होती.

समिट ३८ वर्षं तिथे शिकवत राहिल्या, १०९८ सामने जिंकल्या आणि २०१६ मध्ये गेल्या. त्यांच्याकडे पूर्ण काळ खेळलेली प्रत्येक मुलगी पदवीधर झाली, हा आकडा मला विजयांपेक्षा मोठा वाटतो.

पण कडक म्हणजे चांगलंच, असंही नाही. त्याच अमेरिकेत २०१९ मध्ये नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या मुलींच्या संघाच्या, हजारावर सामने जिंकलेल्या प्रशिक्षिकेने चौकशीनंतर राजीनामा दिला. दुखापत असताना खेळण्याचा दबाव आणि वंशावरून लागेल असं बोलणं, अशा मुलींच्या तक्रारी होत्या. जिंकलेले सामने तिथे ढाल झाले नाहीत, हे बरं झालं.

सकाळी नातीला फोन लावला. "सर नेमकं कशावरून ओरडतात?"

"बॉल गेला की मी परत धावायला उशीर करते म्हणून."

"आणि मग?"

"मग काय, दुसऱ्या दिवशी सहाला बोलावतात. आमच्याबरोबर स्वतः धावतात."

"मागच्या महिन्यात पाय मुरगळला तेव्हा?"

"आठ दिवस खेळू दिलं नाही. दवाखान्यात सरच घेऊन गेले होते."

मी म्हटलं, "मग बाळ, ते तुझ्या उशिरावर ओरडतात, तुझ्यावर नाही. हे वर्षभर सोस. पण ज्या दिवशी तुझ्या अंगावरून, घरावरून, मुलगी असण्यावरून कुणी एक शब्द बोलेल, त्या दिवशी मला फोन कर. पहिल्या बसने येते."

एवढं बोलले आणि माझाच गळा दाटून आला. पंचेचाळीस-सत्तेचाळीस वर्षांपूर्वी मला कुणी हे दोन प्रश्न विचारले असते, तर मी कच्ची नव्हते, हे तेव्हाच कळलं असतं.

रविवारी पुन्हा फोन आला. अजून राखीव बाकावरच बसवतात म्हणाली. पण धावायला उशीर होत नाही आता.