घोडी

बदलीच्या नोकरीत कोणतीही वस्तू घेताना माणूस प्रथम तिची घडी होते की नाही हे पाहतो. धार लावण्याच्या विजेच्या यंत्रासाठी घोडी घेतानाही मी तेच पाहिले. पाय मिटणारी, हलकी लोखंडी घोडी दिल्लीतल्या माझ्या सरकारी निवासस्थानी आली. यंत्राचे चाक मिनिटाला सुमारे २८०० फेरे घेई आणि घोडी थरथर कापे. पाते स्थिर राहावे म्हणून मी ते दाबून धरले. पाहता पाहता टोक निळे पडले. तापून पोलादाचे पाणी उतरले होते. पटाशी वडिलांची होती. निळा भाग घासून टाकावा लागला. ती तेवढी आखूड झाली.

वडील कोकणात सुतारकाम करीत. त्यांना घोडी कधी लागली नाही. अंगणात बसून ते दगडावर पाणी शिंपडीत व धार लावीत. खाली जमीन होती.

मग मी कीर्तीनगरच्या बाजारातून सागवान आणले. तीनच पाय दिले. तीन पाय उंचसखल फरशीवरही डगमगत नाहीत. यंत्र कलंडू नये म्हणून ते तळाशी फाकवले. उंची कोपराच्या बेताची ठेवली, खालच्या फळीवर वाळूच्या पिशव्या रचल्या. आता पाते नुसते टेकवतो आणि वरचेवर पाण्यात बुडवतो.

शेजारी विचारतात, "बदली झाली म्हणजे हे धूड कसे नेणार?"

लाकूड नेईन, वाळू येथेच ओतीन. वाळू काय, कुठल्याही गावी मिळते.